सौ. विश्वजित इंगवले

"आठ दिवसांत करून दाखवतो," असं विश्वजित इंगवले एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बोलून गेला. समोर बायको होती. दुसऱ्या कुणाची बायको असती तर तिने हसून सोडून दिलं असतं. पण कॅप्टन संयोगिता इंगवले आसामातल्या लष्करी दवाखान्यात नर्सिंग ऑफिसर होती. कोणत्या रुग्णाने किती वाजता काय कबूल केलं, हे लिहून ठेवण्याचा तिला सरकार पगार देत होतं.

"बरं. पुढचा रविवार," ती म्हणाली, आणि डायरी ओढून तिने खरोखरच लिहून घेतलं.

करून दाखवायचं होतं ते एवढंच, की मोनाची सोय. मोना म्हणजे या दोघांची मुलगी, वय पावणेतीन. इतके दिवस शेजारच्या रत्नाबाई मगदूम तिला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सांभाळत. त्यांच्या जैन घरात वाढल्यामुळे मोना अर्धा णमोकार मंत्र म्हणायची आणि ताटात बटाटा दिसला की रत्नाबाईंच्याच थाटात मान फिरवायची. आता रत्नाबाईंच्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि त्या सहा महिन्यांसाठी शिरोळला निघाल्या.

घरात विश्वजितचे वडील आण्णा होते. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून चौतीस वर्षं जागे राहिल्यामुळे निवृत्तीनंतर ते मिळेल त्या खुर्चीत झोपत. एकदा अर्धा तास मोनाला त्यांच्याकडे सोपवून विश्वजित गॅसचा नंबर लावायला गेला. परत आला तेव्हा दार सताड उघडं होतं, आण्णा घोरत होते आणि मोनाने त्यांच्या टकलावर पावडरचा अख्खा डबा सारखा करून लावला होता. स्वतः विश्वजित कबनूरच्या एका कापड गिरणीत क्वालिटी इन्स्पेक्टर. रोज मोटरसायकलने जायला तास, यायला तास. कापडात दोष काढता काढता सगळ्याच गोष्टींत दोष काढण्याची सवय त्याला जडली होती, आणि ती सवय पुढे त्याला नडली.

यात एक गंभीर गोष्ट होती. संयोगिताच्या नोकरीची पहिली मुदत संपत आली होती. पुढची पाच वर्षं राहायचं की नाही, हे तिला मार्चअखेर लिहून द्यायचं होतं. "पोरीची सोय होत नसेल तर मी परत येते," एवढंच ती म्हणाली होती. आवाजात धमकी नव्हती, रडणं नव्हतं. तापमान सांगावं तसं सांगितलं. त्यामुळेच विश्वजितला ते जास्त लागलं. ही बाई वॉर्डबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा कसा होतो, ते त्याने पाहिलं होतं. शिवाय ती परत आली असती तर गल्ली म्हणाली असती की, इंगवल्याला एक पोरगी सांभाळता आली नाही. दोन्ही कारणं खरी होती. दुसरं थोडं जास्त.

कोल्हापुरात सल्ले गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर मिळतात. आण्णा तिथे संध्याकाळी फेसाळ दुधाचा पेला घेऊन बसत, आणि त्यांचे मित्र उदयसिंह काका तिथे जगातल्या कोणत्याही प्रश्नाचं उत्तर देत. उदयसिंह काकांनी नातवाच्या इंटरनॅशनल बालवाडीचं नाव सुचवलं. विश्वजित गेला. तिथे आधी आईबापांची मुलाखत होती. चष्मा लावलेल्या एका बाईंनी विचारलं, "मुलीच्या बाबतीत तुमचं या वर्षीचं ध्येय काय?"

"तिने चप्पल तोंडात घालू नये," विश्वजित म्हणाला.

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. निवड झाली नाही. झाली असती तरी ती शाळा साडेअकराला सुटत होती, आणि साडेअकराला विश्वजित कबनूरात ताग्यावरची गाठ शोधत असायचा.

आठपैकी पाच दिवस असे गेल्यावर आण्णांनी पेपरातलं कात्रण आणलं. माजी सैनिकांच्या एका संस्थेचं 'जवान बालविहार', टेंबलाईच्या बाजूला. सैनिकांच्या मुलांसाठी सवलतीत पाळणाघर आणि बालवाडी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आठ ते सहा हे शब्द विश्वजितने तीनदा वाचले. लग्नपत्रिकेतही त्याने कुठली वेळ इतक्या प्रेमाने वाचली नव्हती.

संस्थेचे चिटणीस होते निवृत्त सुभेदार अमरसिंह खाडे. मिशी इस्त्री केल्यासारखी. टेबलावर कागद, पेन आणि पाण्याचा पेला एका रेषेत.

"नाव?"

"विश्वजित इंगवले."

"हुद्दा?"

"क्वालिटी इन्स्पेक्टर."

सुभेदारांचं पेन थांबलं. "ही कुठली रेजिमेंट म्हणायची?"

"कापडाची. कबनूरला. सैनिक मी नाही, सैनिक माझी बायको आहे. कॅप्टन संयोगिता इंगवले."

कॅप्टन म्हटल्याबरोबर सुभेदार खुर्चीतून उठून उभे राहिले. मोबाइलवरचा तिचा गणवेशातला फोटो विश्वजितने दाखवला तर त्यांनी फोटोला कडक सलाम ठोकला. "मॅडम कॅप्टन हायत व्हय? मग बसा की पावणं. च्या घ्या." चहा आला. विश्वजितला वाटलं, काम झालं. सरकारी किंवा निमसरकारी जागी चहा आला की काम झालं असं समजणाऱ्या माणसांपैकी तो होता.

"आता सैनिकाच्या पत्नीला घिऊन या," सुभेदार म्हणाले. "फॉर्मवर पत्नीची सही लागत्या."

"पत्नीच सैनिक आहे."

"ते कळलं. सैनिक आसामात. मग सैनिकाची पत्नी कोण?"

"पत्नी नाहीये. म्हणजे आहे. मी नवरा आहे."

सुभेदारांनी फॉर्म उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, शेवटी उजेडात धरला. "नवरा हा रकाना न्हाय, पावणं."

"मग घाला की."

"नियम म्या केल्याला न्हाय. म्या पाळतो. तीस वर्सं पाळलं, आता म्हातारपणी मोडून काय करू?" मग जरा मऊ होऊन त्यांनी वाट दाखवली. 'पत्नी' या रकान्यात विश्वजितने आपलं नाव लिहावं. मॅडमच्या दवाखान्याचा दाखला आणावा. आपण सैनिकावर अवलंबून असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं. आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. फॉर्मच्या तळाशी सूचना होती, 'फोटोत पदर कानामागे असावा.'

"पदराचं म्या बघतो," सुभेदार उदारपणे म्हणाले.

रविवार उजाडला. आठ दिवस झाले होते. संयोगिताने डायरी उघडली. "झालं?"

"तत्त्वतः झालं," विश्वजित म्हणाला. तिने तत्त्वतः हा शब्द लिहून घेतला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते त्याला स्क्रीनवर उलटं दिसलं, तरी दिसलं.

रत्नाबाई सोमवारी शिरोळला गेल्या. दवाखान्याचा दाखला यायला वेळ लागणार होता. म्हणून विश्वजित मोनाला पुढे बसवून गिरणीत घेऊन गेला आणि मालकाच्या परवानगीने आपल्या काचेच्या केबिनमध्ये त्याने तिला ठेवलं. बाहेर साठ मागांची खडखड. पोरगी घाबरेल अशी त्याला भीती होती. मोना दहा मिनिटांत कापडाच्या ढिगावर जी झोपली ती तीन तासांनी उठली. सहा दिवस हे छान चाललं, आणि सातव्या दिवशी रविवार आला. घरात शांतता होती, त्यामुळे मोनाला दुपारी झोपच येईना. ती रडली, लोळली, आण्णांचा चष्मा चावली. शेवटी विश्वजितने रिकामा मिक्सर चालू केला. ती डोळे मिटून गाढ झोपली. मिक्सर बंद केला की उठायची. त्या दुपारी आण्णांनी आणि विश्वजितने पाळीपाळीने दोन तास मिक्सर चालवला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली येऊन चटणी विकायला काढली आहे काय आणि लसणाची मिळेल काय, याची चौकशी केली.

प्रतिज्ञापत्रासाठी तो कसबा बावड्याला कोर्टाजवळ वकील जिनपाल चौगुले यांच्याकडे गेला. चौगुले वकील सभ्य, बारीक आवाजाचे आणि भयंकर नेमके होते.

"मी माझ्या पत्नीवर अवलंबून आहे," त्यांनी लिहिता लिहिता वाचलं. "पूर्णपणे की अंशतः?"

"मी कमावतो, वकीलसाहेब. मला नोकरी आहे."

"मी कमाईचं विचारलं नाही. कागदाला खरं लागतं. पूर्णपणे की अंशतः?"

विश्वजित विचारात पडला. गॅसचं पुस्तक कुठे आहे, ते आसामातून संयोगिता सांगायची. मोनाला कोणतं औषध किती थेंब, ते तीच. वीजबिलाचा पासवर्ड, आण्णांच्या बीपीच्या गोळीचा रंग, त्याच्या स्वतःच्या मोज्यांची दुसरी जोडी. परवा तर त्याने फोन करून विचारलं होतं की, साबुदाणा भिजत घालतात तो किती वेळ, आणि तिने ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहून उत्तर दिलं होतं.

"पूर्णपणे लिहा," तो म्हणाला.

बाकड्यावर खटल्यासाठी बसलेले तिघे जण त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्यांतला एक जण आपल्या खटल्याचं दुःख विसरून म्हणाला, "व्हतं असं. मनाला लावून घिऊ नका."

कागद तयार झाला. वकिलांचा नमुना जुना होता. त्यात 'अर्जदार ही' होतं ते तसंच राहिलं. 'अर्जदार ही सज्ञान असून तिने हे स्वखुशीने लिहून दिले आहे.' विश्वजितने दाखवलं तर वकील म्हणाले, "दुरुस्त करतो. पण खाडाखोडीवर सही लागते, आणि खाडाखोडीचा कागद तिथे घेत नाहीत. काय करू?"

कापडात असा दोष असता तर विश्वजितने अख्खा तागा परत पाठवला असता. इथे त्याने सही केली.

दाखला आला. सुभेदारांनी सगळं संगणकात भरायला घेतलं. उजव्या हाताच्या एका बोटाने ते अक्षर शोधत, सापडलं की त्यावर हल्ला करत. तासाभराने ते थबकले. 'पत्नी' निवडलं की लिंगाच्या जागी 'स्त्री' आपोआप येत होतं आणि 'पुरुष' केलं की संगणक लाल होत होता.

"आता?" विश्वजितने विचारलं.

"आता काय. त्याला लाल हू द्यायचं न्हाय," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली. यंत्रातून कार्ड बाहेर आलं. मिशीवाला, जरा भेदरलेला फोटो, आणि शेजारी ठळक अक्षरांत, सौ. विश्वजित संयोगिता इंगवले.

"हे दुरुस्त होतं का?"

"व्हतं की. त्याचा वायला अर्ज हाय. तो सैनिकाच्या पत्नीनं सोता करायचा."

विश्वजितने कार्ड खिशात घातलं. प्रवेशाचं पत्र मात्र लगेच मिळणार नव्हतं. ते पंधरा जानेवारीला, सेनादिनी, संक्रांतीच्या कार्यक्रमात वाटलं जाणार होतं.

निमंत्रणाचा लिफाफा घरी आला तेव्हा विश्वजित गिरणीत होता. पोस्टमनने जिन्यातूनच मोठ्याने वाचलं, "सौ. विश्वजित इंगवले यांस सस्नेह निमंत्रण, सैनिकपत्नी सन्मान आणि हळदीकुंकू." जिन्यातली तीन दारं उघडली. संध्याकाळपर्यंत बातमी दूधकट्ट्यावर पोहोचली, आणि वाटेत ती वाढली. प्रतिज्ञापत्राचीही गोष्ट कोर्टाकडून कुणीतरी आणली होती. विश्वजितची नोकरी गेली, त्याने कोर्टात लिहून दिलं, बायको आता त्याला महिन्याला पैसे पाठवते, अशा क्रमाने ती कट्ट्यावर मांडली गेली.

उदयसिंह काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "आण्णा, पोराचं काय बिनासलंय काय? न्हाय, आमी वळखीचं डॉक्टर बघतो."

आण्णा दूध तसंच ठेवून घरी आले. दोन दिवस कट्ट्यावर गेले नाहीत. विश्वजितशी बोलले नाहीत. जेवताना आमटी हवी असली तर मोनाला सांगत आणि मोना जाऊन चप्पल आणून देई. तिसऱ्या दिवशी मोना त्यांच्या पोटावर बसून खेळत असताना तिने विचारलं, "आजोबा, आई कुठंय?"

"तुझी आय लोकांची पोरं बरी करत्या," आण्णा म्हणाले, आणि का कोण जाणे, चपला घालून ते थेट कट्ट्यावर गेले.

"उदया," ते म्हणाले, "माझी सून कॅप्टन हाय. तुझ्यात कोण हाय?"

उदयसिंह काकांच्यात कॅप्टन कुणी नव्हतं. एक भाचा पतपेढीत होता. आण्णांनी दोन पेले दूध घेतलं आणि विषय संपवला. घरी येऊन ते विश्वजितला म्हणाले, "हळदीकुंकवाला इस्त्रीचा शर्ट घाल. कॉलरला मळ दिसता कामा न्हाय."

पंधरा तारखेला बालविहाराच्या पटांगणात मांडव होता. दीडशे बायका आणि विश्वजित. त्याने शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला जागा धरली. शेजारच्या बाईने विचारलं, "मालकीणबाईंना सोडाय आलाय व्हय?" त्याने कार्ड दाखवलं. बाईने ते वाचलं, पुढच्या बाईला दिलं, तिने तिच्या पुढच्या बाईला. कार्ड अख्ख्या मांडवातून फिरून आलं तेव्हा त्यावर तिळगूळ चिकटला होता.

हळदीकुंकू लावायला संस्थेच्या उपाध्यक्षा एकेकीसमोर येत होत्या. विश्वजितसमोर आल्यावर त्यांचं बोट हवेत थांबलं. मग त्यांनी निर्णय घेतला आणि कपाळभर उभा टिळा ओढला, कुस्ती मारलेल्या पैलवानाला ओढतात तसा. हातात खण, नारळ आणि वाण म्हणून स्टीलची चहाची गाळणी दिली. गाळणी खरोखर हवी होती. घरची गाळणी संयोगिता गेल्यापासून सापडत नव्हती.

इथवर ठीक होतं. मग सुभेदार माइकवर आले. "आता सैनिकपत्नींचं मनोगत. यादीपरमाणं पैलं नाव, सौ. विश्वजित इंगवले."

कोल्हापुरात टाळी जोरातच पडते. त्या टाळीवर तरंगत विश्वजित मंचावर गेला. एका हातात नारळ होता, दुसऱ्यात गाळणी. हे दोन्ही कुठे ठेवायचं हे न कळल्यामुळे त्याने ते धरूनच भाषण केलं.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "मी कापड तपासतो. माझी बायको नर्स आहे. तुमच्या घरची माणसं तिकडं आजारी पडली, जखमी झाली, तर माझी बायको त्यांना बघते. तिला जर वाटलं की, आपली पोरगी कुणी बघत नाही, तर ती येईल परत. ती येईलच. तिला येऊ द्यायचं नाही, एवढंच मला पाहिजे. मी घरी केलं असतं. जमलं नाही. मिक्सर लावून पोरगी झोपवतोय. म्हणून आलोय."

टाळी पडली नाही. विश्वजितला वाटलं, आपण काहीतरी वावगं बोललो. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका थोराड बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पोरगी उद्यापासनं आणा, दादा. आमी हाय की." सगळ्या बायका व्हय व्हय म्हणाल्या. विश्वजितचे डोळे भरून येणार, इतक्यात त्याच बाई पुढे म्हणाल्या, "पर माता-सेवा चुकवायची न्हाय. म्हैन्यातनं एक दिस, चाळीस पोरांची खिचडी. सबब चालत न्हाय."

मोनाला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी ती आत गेली ती मागे न बघता. फाटकाबाहेर विश्वजित रडला. चार दिवस रडला. रोज कुठलीतरी आई त्याला पाणी देई आणि सांगे, व्हतं असं सुरवातीला, सवय लागंल. कुणाला, ते त्या सांगत नसत.

पोरं सांभाळायला चिमणाबाई होत्या. साठीच्या, आवाज मांडवापलीकडे जाणारा. कार्डावर जे लिहिलंय ते नाव, असं त्यांचं साधं मत असल्यामुळे त्या विश्वजितला 'सौ' म्हणत. "सौ, डब्याला झाकण न्हाय." "सौ, पोरीची वेणी वाकडी." विश्वजितने एकदा म्हणून बघितलं, "चिमणाबाई, मला विश्वजित म्हणा." त्या म्हणाल्या, "बरं, सौ."

पहिल्या माता-सेवेला त्याने गिरणीतून रजा घेतली आणि सकाळी आठला तांदूळ निवडायला बसला. इन्स्पेक्टरच तो. प्रत्येक मूठ उजेडात धरली. तुटका दाणा वेगळा, पिवळट दाणा वेगळा, संशयित दाणा तिसऱ्या ढिगात. दहा वाजता चिमणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सौ, ही खिचडी हाय. पैठणी न्हाय."

त्या दिवशी पोरं सव्वा वाजता जेवली. चाळीस पोरं भुकेली असली की साठ मागांपेक्षा मोठा आवाज होतो, ही नवी माहिती विश्वजितला मिळाली. मोना मात्र त्या आवाजात ताटाशेजारीच झोपून गेली होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संयोगिता वीस दिवसांच्या रजेवर आली. आल्या आल्या तिने घराचा वॉर्ड करून टाकला. आण्णांचं बीपी दिवसातून चार वेळा. चादरीला घडी पडली की चादर बदल. औषधांच्या डब्यांवर चिठ्ठ्या, आणि मिक्सरवरही एक, 'झोपेसाठी वापरू नये.' नोकरीच्या अर्जाविषयी मात्र ती बोलत नव्हती. विश्वजित विचारत नव्हता. अर्ज तिच्या पर्समध्ये होता आणि शेवटची तारीख दोघांनाही माहीत होती.

ती तारीख नेमकी विश्वजितच्या माता-सेवेच्या दिवशी आली. तो पातेल्याशी उभा होता, पोटावर एप्रन, हाताला हळद. अकराच्या सुमारास संयोगिता बालविहाराच्या फाटकाशी आली. सुभेदारांनी तिला बघताच टाचा जुळवून सलाम केला, खुर्ची आणवली आणि आत सोडायला नकार दिला.

"मी मोनाची आई आहे," ती म्हणाली.

"ते बराबर हाय, मॅडम. पर एका लेकरामागं आत एकच माता. आजची माता आत हाय."

दुसरी कुणी असती तर भांडली असती. संयोगिता लष्करातली होती. नियम ऐकला की तिचा पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा. ती कुंपणाला वळसा घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली आणि गजातून म्हणाली, "विश्वजित."

त्याने डाव घेऊनच मागे बघितलं.

"चारच्या आत पाठवायचंय," ती म्हणाली.

"माहिताय."

"मोना कुठाय?"

त्याने डावाने दाखवलं. खिडकीतून आतला हॉल दिसत होता. मोना एका पोराच्या बुटाची नाडी सोडवण्यात गुंतली होती. तिने मान वर केली, खिडकीतल्या आईला बघितलं, हात हलवला आणि पुन्हा नाडीकडे वळली.

संयोगिताने गज धरला. "ती उठलीपण नाही."

गेले तीन महिने विश्वजित या क्षणाची वाट बघत होता. आपण काय काय केलं, हे एकदा तिने डोळ्यांनी बघावं, असं त्याला फार वाटत होतं. आता ती बघत होती आणि त्याला त्यात काही मजा येईना.

"तू संध्याकाळी घरी असतेस हे तिला माहिताय, म्हणून उठली नाही," तो म्हणाला. "अठरा दिवस तुझ्या कुशीत झोपतीय. मी जवळ गेलो तर लाथ मारते."

"मी गेल्यावर?"

"रडेल. दोन दिवस, तीन दिवस. मी असतो, चिमणाबाई असतात. आण्णापण हल्ली जागे असतात, अधूनमधून."

"तू दमलायस. खरं सांग."

पातेल्यातून वाफ येत होती. त्याने जरा विचार केला. "दमलोय. रोज कबनूर, हे, आण्णा. दमलोय की. पण तू परत आलीस तर दिवसातनं चार वेळा माझंही बीपी घेशील. आण्णांना विचार, ते किती दमलेत."

ती हसली नाही, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पर्समधून तिने कागद काढला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या सही केली. एकदाच, न थांबता. मग कागद गजातून आत सरकवला. "साक्षीदाराची सही लागते."

त्याने हात एप्रनला पुसले आणि सही केली. पण पुसायचं एक बोट राहिलं होतं. सहीशेजारी हळदीचा पिवळाधमक ठसा उमटला.

दोघांनीही तो बघितला. चादरीला एक सुरकुती पडली तर चादर बदलणारी बाई ती. विश्वजितला वाटलं, आता नवा कागद आणायला पळेल. तिने ठशावर हलकेच फुंकर मारली, तो वाळू दिला, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"पाच वर्षं," ती म्हणाली.

"पाच वर्षं," तो म्हणाला.

"सौ," मागून चिमणाबाईंचा आवाज आला, "खाली लागतंय."

लागलंच होतं. त्या दिवशीची खिचडी चांगली करपली. पोरांनी मुकाट्याने खाल्ली. मोनाने दोनदा मागून घेतली.